नंबर आधी, शाल मागाहून

डिसेंबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. "काका, एक फौजी पाहिजे होता, सत्काराला." मांडववाल्याकडे खुर्च्या सांगाव्यात तसा. ७ तारखेला ध्वजदिन, १६ ला विजय दिवस, १९ ला गोवा मुक्तिदिन. या पंधरवड्यात आमच्या तालुक्यात शाली महाग होत असतील.

मी पलटणीत क्लार्क होतो. बंदूक कमी चालवली, टाइपरायटर जास्त. शेवटची काही वर्षं एका रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांचे कागद ठेवतात तिथे, काढली, कुठल्या ते विचारू नका. म्हणून या सदरात शौर्यापेक्षा कागद जास्त येतो, आणि जुन्या वाचकांनी ते आता पत्करलंय. या महिन्याची पत्रं अशी.

माझे बाबा १९७१ च्या लढाईत मराठा पलटणीतून तिकडे पूर्वेला होते. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गावच्या मंडळाला १९ डिसेंबरला त्यांचा सत्कार करायचाय. बाबा म्हणतात, "मी काय केलं? ज्यांनी केलं ते तिथेच राहिले." घरातसुद्धा ते कधी काही बोलले नाहीत. त्यांची समजूत कशी घालू?
— एक मुलगी, पार्से

बाय, समजूत घालूच नकोस. 'नको' म्हणणाऱ्या फौजीला मी आजवर स्टेजवर चढवलेला नाही, आणि त्याला कारण आहे. एकदा मी स्वतः चढलो होतो. निवेदकाने मला 'मेजर' करून टाकलं. मी निवृत्त झालो नायब सुभेदार म्हणून. पुढच्याच रांगेत आमच्या पलटणीचे दोघे बसले होते, त्यांनी उठून मला कडक सॅल्यूट ठोकला. पाहुणे दोन तास उशिरा आले. घरी आल्यावर बायकोने श्रीफळ हातात घेऊन हलवून बघितलं आणि म्हणाली, "पाणी आहे. उद्याच्या आमटीचं झालं."

मंडळाला सांग, आधी बाबांची एक ओळ बिनचूक लिहून दाखवा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, भरतीचं साल, फौज सोडल्याचं साल. डिस्चार्ज बुकात सगळं आहे. पदकं असतील तर तीही वाचता येतात. १९७१ च्या लढाईसाठी संग्राम पदक बऱ्याच जणांना मिळालं, पण 'पूर्वी स्टार' हे पदक मिळालं ते पूर्वेकडच्या आघाडीवर होते त्यांना, 'पश्चिमी स्टार' पश्चिमेकडच्यांना. बाबांच्या डब्यात 'पूर्वी स्टार' असला तर अर्धी गोष्ट त्यानेच सांगितली म्हणायची.

उरलेली अर्धी बाबांकडे. "किती मारले?" असं घरातल्या कुणी त्यांना कधी विचारलं असेल तर ते बोलत का नाहीत ते मला कळतं. तू तसलं काही विचारू नकोस. लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, काय शिजायचं, शक्करपारे किती दिवस पुरवले, गाडी कुठल्या स्टेशनातून सुटली, बूट कितीदा भिजले, पाठीवरच्या पिठ्ठूत घरचं काय होतं, हे विचार. आणि समोर बसून विचारू नकोस. नारळ सोलताना विचार, नुस्तं, म्हणजे मासे, साफ करताना विचार. मोबाइल पुढे धरलास की फौजी ताठ होतो आणि रिपोर्ट देतो. रेकॉर्डिंग करायचंच असेल तर त्यांना सांगून लाव, मग फोन सुपाखाली ठेव आणि विसरून जा.

बाबा पहिल्या मराठात, म्हणजे जंगी पलटणीत असतील तर एकच शब्द टाकून बघ: जमालपूर. पाकिस्तानची ३१ बलूच पलटण तिथे, आजच्या बांगलादेशात, ठाण मांडून होती आणि आपल्या लोकांनी तिला वेढलं होतं. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या एका माणसाच्या हाती शरण येण्याची चिठ्ठी धाडली. उत्तरादाखल आली कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी, आणि पुढच्या वेळी तुझ्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसू दे, अशा अर्थाचा मजकूर. १० च्या रात्री बलूच वेढा फोडून निघाले ते थेट पहिल्या मराठाच्या मोर्च्यांवर आले. चिठ्ठीची गोष्ट साहेब लोकांनी पुष्कळदा सांगितली आहे. त्या रात्री थंडीत खंदकात बसलेल्या पेडण्याच्या वीस वर्षांच्या पोराने काय ऐकलं, हे सांगायला फक्त तो पोर उरलाय.

आता त्यांच्या वाक्याकडे ये. "ज्यांनी केलं ते तिथेच राहिले." मला विचारशील तर सत्कार कसा करायचा ते त्यांनी या वाक्यात सांगून टाकलंय. ते कोण, एवढं विचार. दोन नावं सांगतील, पाच सांगतील, एखाद्याचं फक्त टोपणनाव आठवेल. वहीत उतरव आणि पुन्हा वाचून दाखव, ते दुरुस्त करतील. मग मंडळाला म्हण, शाल राहू दे, १९ तारखेला ही नावं माइकवर वाचा. मला वाटतं बाबा मग घरी बसणार नाहीत. नावं कुणी चुकीची वाचत नाही ना, हे बघायला तरी येतील.

आजोबांच्या ट्रंकेत राजाचं तोंड असलेलं गोल पदक सापडलं. घरात म्हणतात, पणजोबा "लामावर, बसऱ्याला", म्हणजे लढाईवर, गेले होते. परत आले की नाही, यावर दोन चुलत्यांचं जमत नाही. हे कसं शोधायचं? पदक काळं पडलंय, चिंच लावू का?
— एक वाचक, मांद्रे

चिंच लावू नका. मीठ, राख, टूथपेस्ट, काहीही लावू नका. पदक उभं धरा आणि कडेवरून भिंग फिरवा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर कडेला शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. घासून घासून पुष्कळ घरांनी ती अक्षरंच घालवली. तुम्हाला हवं ते राजाच्या तोंडावर नाही, कडेवर आहे.

पलटणीच्या जागी ११० किंवा ११७ असा आकडा आणि पुढे 'मराठाज' दिसलं तर गोंधळू नका. तेव्हा मराठ्यांच्या पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे आकडे होते. १९२२ साली त्यांची एक रेजिमेंट बांधली, तीच आजची मराठा लाइट इन्फंट्री, बेळगावची. यातल्या १०३, ११० आणि ११७ इराकातल्या कुत अल अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, घोडी मारून खाल्ली, शेवटी शरणागती, आणि पुढे तुर्कांच्या कैदेत कितीतरी जण गेले. बसरा म्हणजे या सगळ्याचं बंदर. त्यामुळे घरच्या आठवणीत 'बसरा' एवढंच राहणं साहजिक आहे.

परत आले नसतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधा, ती संकेतस्थळावर फुकट बघता येते. कबर माहीत नसलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक आहे, तिथे चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. आडनावावर भरवसा ठेवू नका, नंबर टाकून बघा. नाव गोऱ्या साहेबाच्या कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. गावावर तर मुळीच भरवसा नको. पेडणं तेव्हा पोर्तुगीजांकडे. भरती व्हायला माणूस तेरेखोल ओलांडून सावंतवाडीकडे जायचा आणि गाव विचारलं की मामाचं सांगायचा. माझ्या आज्याने तेच केलं होतं.

गावाच्या नावावरून माझं एक पाप सांगतो. आपल्याकडे प्रत्येक गावाला दोन स्पेलिंगं. आपण म्हणतो पेडणे, कागद म्हणतो पेर्नेम. साखळीचं सांकेलिम. एका वहिनीच्या कागदांत एका ठिकाणी 'डिचोली' होतं, दुसरीकडे 'बिचोलिम'. फाइल माझ्या टेबलावरून गेली. ही दोन गावं नाहीत, एकच आहे, अशी एक ओळ मी समासात लिहायला हवी होती. माझी मावशी डिचोलीची. मी लिहिली नाही, घाईत होतो. त्या बाईची पेन्शन सात महिने अडली. मागाहून भेटल्या तेव्हा त्यांनी मला चहा दिला, तो चहा अजून उतरत नाही.

माझा भाऊ ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेत गेला. घरी अस्थी आल्या. गावात त्याचं नाव कुठेच नाही. सरकारदरबारी तरी आहे का?
— एक बहीण, वाळपई

आहे, ताई. दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. त्यातल्या त्याग चक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जणांची नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत. श्रीलंकेत भारताने पाठवलेल्या शांतिसेनेचे जवानही त्यांत आहेत. स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं, नातवंडांना सांगा. तिकडे श्रीलंकेतही कोलंबोजवळ कोट्टे इथे शांतिसेनेचं स्मारक आहे, नावांसह.

आणखी एक. दिल्लीच्या स्मारकात रोज संध्याकाळी एका जवानाच्या घरचं माणूस पुष्पचक्र वाहतं. आपल्यालाही जाता यावं अशी इच्छा असेल तर भावाच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला त्याचा नंबर घालून पत्र लिहा, आणि एक प्रत पणजीच्या सैनिक कल्याण खात्याला द्या. नंबर नसेल तर त्या वेळची तार शोधा. आयांनी ती तार फेकलेली मी कधी पाहिली नाही. देवघरात बघा, फोटोच्या मागे.

गावातल्या नावाचं मी काय सांगू? शाळेच्या भिंतीवर नाव लिहायला कुणाची परवानगी लागते ती मुख्याध्यापकांना विचारा. बहुधा मुख्याध्यापकांचीच लागत असेल.

वडिलांची पदकं मी कार्यक्रमात लावू शकतो का?
— एक मुलगा, म्हापसा

उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने कमावली त्याची.

आमच्या शाळेत मुक्तिदिनाला "गोवा मुक्तीचे शहीद" असा फलक करायचा आहे. नावं सुचवाल का?
— एक शिक्षक, सत्तरी

गुरुजी, एका फलकावर दोन याद्या मिसळू नका. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ ला पोर्तुगीजांच्या गोळ्यांना छाती दिली ते सत्याग्रही, हाती शस्त्र नसलेले. डिसेंबर १९६१ च्या 'ऑपरेशन विजय'मध्ये गेले ते सैनिक. दोघांचा मान मोठा, पण काम वेगळं. मुलांना हा फरक कळला तर अर्धा इतिहास शिकवून झाला.

सैनिकांत अंजदीव बेटाची आठवण आधी करा. कारवारच्या समोर असलं तरी ते गोव्याचं. 'त्रिशूल' जहाजावरून तिथे उतरलेल्या तुकडीतले सात नौसैनिक तिथे पडले. त्यांचं स्मारक वास्कोला नौदलाच्या 'गोमंतक' तळावर आहे. आग्वादच्या तुरुंगातल्या राजबंद्यांना सोडवायला गेलेले ७ कॅव्हलरीचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू तिथे कामी आले. आग्वादला सहली जातात, मुलं दीपस्तंभापुढे फोटो काढतात, हे नाव कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

'शहीद' शब्दाबद्दल: लष्करानेच २०२२ साली कळवलं की इंग्रजीतला 'मार्टर' हा शब्द आपल्या जवानांसाठी वापरू नये, त्याला धर्मासाठी मरण्याचा अर्थ चिकटलेला आहे. आपल्याकडे 'वीरगती' आहे, 'कामी आले' आहे. मला 'कामी आले' आवडतं. जुन्या बखरींतही तेच आहे.

दुरुस्ती

गेल्या अंकात इटलीतल्या सेनिओ नदीवरची लढाई मी यशवंत घाडगेंच्या नावावर टाकली. चूक माझी. नाईक यशवंत घाडगे, ३/५ मराठा (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण), १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. सेनिओची लढाई शिपाई नामदेव जाधवांची, १/५ मराठा, ९ एप्रिल १९४५, आणि ते जिवंत परतले. मोरजीच्या एका निवृत्त हवालदारांनी सकाळी सहाला फोन करून सांगितलं. "तू क्लार्क होतास ना रे?" एवढंच म्हणाले, आणि फोन ठेवला.