४३ व्या वर्षी नोकरी जातेय, मुलगी दहावी झाली; दोघांनी कुठलं प्रशिक्षण घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की चाकणच्या कंपनीत सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कटिंग मशिनवर) १६ वर्षं काढली, आता एक लाइन बंद करून माणसं कमी करताहेत, फुल अँड फायनलची (शेवटच्या हिशेबाची) बोलणी चालू आहेत. मुलगी दहावी झाली आहे आणि दोघांसाठी एखादी चांगली स्किल योजना हवी आहे; 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण' योजनेचंही तुम्ही विचारलंय. मी आयटीआयमध्ये टर्नर (लेथवरच्या कामाच्या) ट्रेडला निदेशक होतो, आता निवृत्त आहे. योजनांचं सांगतोच, पण आधी एक विचारतो. कंपनी कपातीचं पत्र देतेय की राजीनामा लिहून मागतेय?

राजीनाम्यावर सही करू नका, निदान कामगारांची बाजू घेणाऱ्या एखाद्या वकिलाला दाखवल्याशिवाय तरी नाही. कपात झाली तर सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार हा भरपाईचा हक्क आहे. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. त्यात मालकाने १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. राजीनामा दिलेला माणूस या दोन्हींतून बाहेर पडतो. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड चालू असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचंही शाखेत जाऊन विचारा. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी पगाराच्या निम्म्या दराने पैसे मिळतात, पण आयुष्यात एकदाच.

प्रशिक्षणाच्या प्रश्नावर पैशांचं का सांगत बसलोय? माझे वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात (विणाई विभागात) होते. १९८२ च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. पुढे १९९२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. बंद कारखान्यांतल्या कामगारांना नवं काम शिकवायचं, असा त्याचा गाजावाजा होता. पण बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्ती देण्यातच गेला, शिकवण्यावर अगदी थोडा. आणि घरात तीन महिन्यांचं रेशन नसेल तर वर्गात बसलेल्या माणसाचं लक्ष फळ्यावर राहत नाही. हे मी घरीही पाहिलं आणि नंतर माझ्या वर्कशॉपमध्येही.

आता मुद्द्याचं. तुम्ही स्वतःला 'सीएनसी ऑपरेटर' म्हणता. म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) लावायचा, सायकल स्टार्ट करायची, ठरावीक नगांनंतर माप घ्यायचं, एवढंच? की टूल बदलून ऑफसेटही (नव्या टूलच्या मापाची दुरुस्ती) तुम्हीच देता, जॉबचा झीरो (माप मोजायचा आरंभबिंदू) तुम्हीच घेता? दुसरं करत असाल तर तुम्ही सेटर आहात, फक्त कागदावर ऑपरेटर राहिलात. भोसरीच्या छोट्या शॉपवाल्याला सेटर कायम हवा असतो. नव्या कंपनीत 'वय जास्त आहे' असं ऑपरेटरलाच ऐकावं लागतं, सेटरला फारसं नाही.

म्हणून पुन्हा 'अ' पासून सुरुवात करणारा कोर्स घेऊ नका. आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आहे, तिला आरपीएल म्हणतात. नुसत्या त्या कागदावर कुणी पगार वाढवत नाही हे खरं, पण १६ वर्षांचं काम तुमच्या शब्दाखेरीज कुठेतरी नोंदलं जातं. मग जे येत नाही तेवढंच शिका, बहुधा प्रोग्रॅमिंग. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये त्याचे छोटे कोर्स चालतात. जवळपास खासगी क्लासेसही भरपूर आहेत. कुठेही गेलात तरी फी भरण्याआधी विचारा की मशिनवर प्रत्यक्ष किती तास मिळणार आणि एका मशिनमागे किती जण. आमच्याकडे संगणकावर सिम्युलेशन उत्तम करणारी पोरं यायची आणि खरा टूल जॉबला टेकताना हात मागे घ्यायची.

तुम्ही विचारलेली 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण' तुम्हा दोघांच्याही कामाची नाही. ती १८ ते ३५ वयोगटासाठी आहे आणि किमान बारावी लागते.

मुलीला आयटीआयला घालायचं असेल तर शेजारी नाकं मुरडतील, मुरडू देत. दोन वर्षांचा ट्रेड केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे शिक्षणाचं दार बंद होत नाही. पर्याय भरताना त्या आयटीआयत डीएसटीची (ड्युअल सिस्टीम ऑफ ट्रेनिंगची) बॅच आहे का ते बघा. त्यात शिक्षणाचा काही काळ कंपनीतच जातो. नंतर अप्रेंटिसशिप. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या किमान २.५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. शिवाय राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र देतं. काही ठिकाणी शिकाऊ पोरांना पॅकिंगलाच लावतात. म्हणून कंपनी निवडताना तिथे आधी अप्रेंटिस राहून गेलेल्या दोघांना गाठून विचारा, मशिन कितव्या महिन्यात हातात दिलं.

आणि ट्रेड तुम्ही ठरवू नका. अर्ज भरण्याआधी तिला जवळच्या आयटीआयत घेऊन जा, टर्नर, इलेक्ट्रिशियन, ड्राफ्ट्समन अशी सगळी वर्कशॉपं दाखवा. सुट्टीच्या काळातही एखादा निदेशक तिथे असतोच, चहा पाजलात तर तासभर बोलेल.