ओंडक्याची टोकं आधी झाका

प्रश्न : वादळात पडलेला अंगणातला पेरू तोडून त्याचे ओंडके करून ठेवले. आंब्याचीही एक जाड, आडवी फांदी उतरवली. सगळं सालीसकट सावलीत आहे, तरी आठवड्याभरातच टोकांना भेगा पडल्या. एक जण म्हणतो उन्हात टाका, दुसरा म्हणतो पाण्यात बुडवा. मला हौसेखातर छोट्या पेट्या, चमचे आणि लेथवर एखादा वाडगा करायचाय. लाकूड वाळायला किती दिवस लागतील?

उत्तर : दिवसांचं नंतर बघू. आधी आजच्या आज करवत हातात घ्या. लाकडातलं पाणी रेषांच्या दिशेनं, म्हणजे टोकांतून, बाजूंपेक्षा दहा-पंधरा पट वेगानं निघून जातं. टोक वाळून आकसू बघतं, आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही, मग तडा जातो. भेग संपेपर्यंत टोक कापून टाका आणि ताज्या कापावर लगेच वितळवलेलं मेण, उरलासुरला ऑइलपेंट किंवा फेव्हिकॉलचे दोन जाड हात द्या. डहाळ्या छाटलेल्या जागा बहुतेक जण विसरतात. तीही टोकंच, तीही झाका.

मग ओंडके उभे चिरा, अगदी मधल्या गाभ्यातून. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेनं आकसतं. त्यामुळे अख्खा गोल ओंडका कुठेतरी फाकणारच. गाभा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं बोटभर लाकूड सरळ काढून टाका, हळहळू नका. पेरू मी करवतीपेक्षा पाचर मारून फोडते. फुटलेल्या अंगावर रेषांचा पीळ तिथल्या तिथे कळतो. पिळाचा तुकडा वाळताना आणखी पिळणार, म्हणून तो चमच्यांच्या ढिगात टाकायचा.

आंब्याकडून मात्र लांब, सरळ फळीची आशा धरू नका. आडव्या वाढलेल्या फांदीच्या लाकडात मुळातच ताण असतो, फळी काढली की ती धनुष्यासारखी वाकते. फूटभराचे तुकडे केले तर वाक निभावून नेता येतो, पेट्यांना तेवढं पुरतं. साल आधी सोला, कारण तिच्याखाली ओल टिकते आणि कीड घर करते. शिवाय आंब्याच्या ओल्या लाकडावर निळसर-काळी बुरशी फार लवकर चढते. ताकद तिनं फारशी कमी होत नाही, पण रंग जातो तो जातोच. आंब्याचा चीक आणि भुसा काहींच्या कातडीला सोसत नाही, तेव्हा हातमोजे आणि मास्क घाला.

रचताना दोन फळ्यांमध्ये २०-२५ मिलिमीटर जाडीच्या, वाळलेल्या पट्ट्या टाका. ओली पट्टी फळीवर डाग सोडते. दर ३०-४० सेंटीमीटरवर एक पट्टी, आणि वरच्या थरातली बरोबर खालचीच्या डोक्यावर. ती इकडे-तिकडे सरकली की फळी तिथेच लचकते. वर विटांचं भरपूर वजन. वारा खेळता हवा, ऊन नको. उन्हानं वरचा थर कडक होतो आणि आतली ओल कोंडून फळी आतून फाटते. पाण्यात लाकूड फुटत नाही ते वाळतच नाही म्हणून. महिनोन्महिने बुडवलं तर त्यातलं पिष्ट कमी होऊन कीड कमी लागते, हे खरं. पण बाहेर काढल्यावर वाळवणं आहेच.

आता दिवस. इंचभर जाडीला वर्ष, असा ढोबळ हिशेब सांगतात. मी कॅलेंडरपेक्षा वजनकाट्यावर विसंबते. दोन-तीन फळ्यांवर पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहा, दर महिन्याला पुन्हा तोला. ओल मोजतात ती कोरड्या वजनावर : १५०० ग्रॅमची फळी पूर्ण कोरडी १००० भरली, तर ओल ५० टक्के. सुमारे ३० टक्क्यांखाली उतरेपर्यंत लाकूड आकसतच नाही. म्हणून सुरुवातीला वजन भराभर उतरतं, रुंदी तेवढीच राहते, आणि हौशी माणूस खूश होतो. खरा वाक त्यानंतर येतो. वजन उतरायचं थांबलं की फळ्या घरात, जिथे पेटी राहणार त्या खोलीत, काही आठवडे ठेवा आणि मगच रंधा लावा.

चमच्यांना मात्र थांबू नका, ओला पेरू चाकूला फार गोड चालतो. वाडगाही ओलाच कातून घ्या, कड व्यासाच्या एक दशांश जाड ठेवून. कागदी पिशवीत त्याच्याच छिलप्यांत ठेवा. तो लंबगोल होईल, वाळल्यावर पुन्हा गोल कातता येतो.

प्रश्न : वाळलेल्या तुकड्यातून मैद्यासारखी भुकटी पडते. जाळून टाकू का?

उत्तर : कीड आहे, पण जाळायची घाई नको. आधी तो बाकीच्यांपासून वेगळा करा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी सोडू नका, म्हणजे दव प्लास्टिकवर जमेल, लाकडावर नाही. नंतर भोकं झटका, तुकडा काळ्या कागदावर ठेवा. पुन्हा भुकटी दिसली, तर खुशाल जाळा.