कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीत बेकरी टाकतोयस तर

आपला फिलिपिनो पाव, पांदेसाल, पहाटे गरम मिळाला तरच गिऱ्हाईक परत येतं, हे मनिलाहून आलेल्या तुला काय सांगायचं! मी पैशाचं बोलतो. ज्या मावशीने तुला अमेरिकेत आणलं, तिचे उपकार गल्ल्यातून फेडू नकोस. स्वतःला पगार लाव, घरी पाठवायचं ते त्यातूनच. नाहीतर भाचरांची फी आणि मैद्याचं बिल एकाच खिशातून जातं, आणि मैदेवाला थांबत नाही. नाताळला घरी पाठवायचा भेटवस्तूंचा खोका, बालिकबायान बॉक्स, जहाजाने जातो, सप्टेंबरातच भर. (कॉर्न्ड बीफचे डबे तिकडेही मिळतात, तरी घालावे लागतातच.)

आता नकोशी गोष्ट. कधीतरी रात्री घरून फोन येईल. तिकिटाचे पैसे वेगळे ठेव, पासपोर्टची मुदत बघत जा, भट्टी सांभाळणारा माणूस आत्तापासून तयार कर. परदेशातल्या मुलांसाठी आपल्या फिलिपिन्समध्ये अंत्यविधी काही दिवस लांबवतात, पण किती लांबवतील? नऊ दिवसांची प्रार्थना हुकली तर चाळिसाव्या दिवसाला तरी जा. दुकान बंद ठेवलंस तर दारावर कारण लिही. गिऱ्हाईकं पैशांची पाकिटं आणून देतील. नाकारू नकोस. कुणी किती दिले ते मात्र वहीत टिपून ठेव, त्यांच्याकडे असा प्रसंग आला की तुलाही जायचंय.