नवा ब्लॉग गूगलला सापडतो कसा, आणि सापडूनही दिसत का नाही?

तुम्ही विचारलंय की स्वतःचं डोमेन घेऊन वर्डप्रेसवर मराठी ब्लॉग काढला, महिना उलटला, तरी गूगलवर काहीच येत नाही. गूगलला कळवावं लागतं का, की पैसे भरायचे असतात?

पैसे अजिबात नाहीत. 'साइट गूगलवर चढवून देतो' म्हणत फोन करणाऱ्यांना वाटेला लावा. कळवणंही सक्तीचं नाही, पण कळवलेलं बरं.

गूगलबॉट हा प्रोग्राम माहीत असलेल्या पानांवर सतत फिरतो आणि तिथल्या लिंका टिपून ठेवतो. नवं पान कळण्याचा त्याचा मुख्य मार्ग हाच. मोठ्या वर्तमानपत्राच्या साइटवर त्याची ये-जा चालूच असते, म्हणून तिथली बातमी लगेच शोधात दिसते. तुमच्या कोऱ्या डोमेनकडे मात्र कुठूनच रस्ता नाही. त्यात आपली सवय अशी की लेख झाला की लिंक टाकायची व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात. लोक वाचतात, अंगठे येतात, पण ग्रुपमधले मेसेज गूगलबॉटला दिसतच नाहीत. त्यापेक्षा एखाद्या जुन्या ब्लॉगवाल्याने त्याच्या पानावर तुमची एक लिंक दिली तर जास्त उपयोग.

पण आधी एक गोष्ट तपासा. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा. खाली एक चौकट आहे, सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये, म्हणजे आपल्या शोधाच्या यादीत घेऊ नये, अशा अर्थाची. साइट अर्धवट असताना लोक तिथे टिक करतात आणि ती काढायची राहून जाते. टिक असेल तर प्रत्येक पानात 'नोइंडेक्स' ही सूचना जाते. मग कितीही लिंका मिळवा, बॉट येईल, सूचना वाचेल आणि पान सोडून देईल.

टिक नसेल तर गूगल सर्च कन्सोलवर, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते हे दाखवणाऱ्या गूगलच्याच सेवेवर, खातं उघडा, फुकट आहे. डोमेन तुमचंच आहे हे दाखवून द्या आणि साइटमॅपचा, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीचा, पत्ता द्या. 2020 मध्ये आलेल्या 5.5 आवृत्तीपासून वर्डप्रेस साइटमॅप स्वतःच बनवतं. एसईओचं, म्हणजे साइट शोधात नीट दिसावी यासाठीचं, प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकलं असेल तर पत्ता त्याच्या सेटिंगमध्ये बघा. मग लेखाचा पत्ता वरच्या पट्टीत टाकून 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' एकदा दाबा. पुन्हापुन्हा दाबून काम लवकर होत नाही. काही दिवसही लागतात, काही आठवडेही.

तिथे दोन शेरे नेहमी दिसतात. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पत्ता कळलाय, बॉट अजून आलेला नाही. थांबा. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे येऊन वाचलं, पण ठेवून घेतलं नाही. खरी डोकेदुखी ही. गूगल कारण सांगत नाही, पण मराठी ब्लॉगांवर मी आधी तीन गोष्टी बघतो. फॉरवर्डमधून उचललेला मजकूर आहे का, कारण तो शंभर ठिकाणी आधीच असतो. कविता जेपीजी चित्र म्हणून टाकल्यात का, म्हणजे पानावर वाचायला मजकूरच उरत नाही. आणि तिसरं, जुने लेख 'शिवाजी' किंवा 'कृतिदेव'सारख्या फॉन्टात टाइप केलेले आहेत का. अशा पानावर डोळ्यांना मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि बॉट तीच वाचतो. एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडात टाका. देवनागरी तशीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे बॉटला वाचता येणाऱ्या देवनागरीत, आहे. अगम्य रोमन अक्षरं आली तर युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून लेख पुन्हा टाकावा लागेल.

बिंग या दुसऱ्या सर्च इंजिनवरही दिसायचं असेल तर 'इंडेक्सनाऊ'चं प्लगइन टाका. 2021 पासून बिंगला आणि यांडेक्स या रशियन सर्च इंजिनला नव्या पानाची वर्दी त्यातून लगेच जाते. गूगल त्यात नाही.

रीडिंगमधली टिक बघून झाली की कन्सोलमध्ये यापैकी कुठला शेरा येतोय तेवढं खाली लिहा, पुढचं बघू.