खाऱ्या हवेत होल्स्टर कुठलं, काडतूस कुठलं?

पाऊस तोंडावर आला की किनारपट्टीवरून येणाऱ्या प्रश्नांचा रोख बदलतो. नेम, पकड बाजूला राहतात आणि गंज, बुरशी, ओली काडतुसं यांवर विचारणा सुरू होते. या वेळी फक्त बागेत-आगरात कमरेला बाळगायच्या छोट्या रिव्हॉल्व्हरबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. उत्तरं परवानाधारकांसाठीच आहेत.

देवगड : माझ्याकडे सरकारी कारखान्याचं ०.३२ रिव्हॉल्व्हर आहे. हंगामात मजुरांचा पगार रोख घेऊन बागेत जावं लागतं. दुकानात मिळालेलं काळ्या चामड्याचं होल्स्टर एका पावसातच बुरशीने पांढरं झालं आणि रिव्हॉल्व्हरवर तांबूस ठिपके आले. चामडं घ्यावं की प्लास्टिक?

ठिपके कुठे आले आहेत ते नीट बघा. बहुतेक सिलिंडरच्या (काडतुसं भरतात त्या फिरत्या भागाच्या) फुगीर भागावर आणि नळीच्या टोकाशी असतील, म्हणजे चामडं जिथे घट्ट टेकतं तिथेच. चामडं घाम पितं, आणि घामासोबत मीठही. पाणी वाळून जातं, पण मीठ आत राहतं आणि हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतं. म्हणून तर होल्स्टर हाताला कोरडं लागत असतानाही आत गंज चालू असतो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात हा खेळ चार महिने थांबत नाही.

चामड्यातही फरक असतो. बाजारातली मऊ, स्वस्त होल्स्टरं बहुधा क्रोमने कमावलेल्या चामड्याची असतात. ती लवकर ढिली पडतात आणि शस्त्राला चिकटून बसतात. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात तसलं जाड चामडं होल्स्टरला चांगलं. ते आकार धरून राहतं आणि तोंड उघडं ठेवतं. पण पाणी तेही पितंच.

साच्यात घालून त्या त्या शस्त्राच्या मापाने बनवलेलं कडक प्लास्टिक, म्हणजे कायडेक्ससारखं, पाणी पीत नाही. नळाखाली धुतलं, पुसलं की झालं. त्याचा दोष वेगळा: पुळणीवरची वाळू आत शिरली की प्रत्येक वेळी रिव्हॉल्व्हर काढता-ठेवताना पॉलिशवर ओरखडे उठतात. मी दोन होल्स्टरं ठेवायला सांगतो. पावसाळाभर आणि ऑक्टोबरच्या घामटात प्लास्टिक, थंडीपासून आंबे उतरेपर्यंत चामडं. एकच घ्यायचं असेल तर प्लास्टिक घ्या. दिसायला रूक्ष असतं, पण शस्त्र दिसू द्यायचंच नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी ते पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असायला हवं. शर्टाबाहेर लोंबणाऱ्या मुठीचा रुबाब परवान्यावर बेतू शकतो.

घेण्याआधी रिव्हॉल्व्हर रिकामं करून, दुसऱ्याकडून ते रिकामं असल्याची खात्री करून, होल्स्टरमध्ये घाला आणि गादीवर उलटं धरून हलवा. ते आपल्या वजनाने सुटून खाली येता कामा नये. घोड्याभोवतीची कडी, म्हणजे ट्रिगर गार्ड, पूर्ण झाकलेली हवी. बोट बाहेरून घोड्यापर्यंत पोचत असेल तर ते होल्स्टर दुकानातच ठेवा. टिचबटन पितळेचं असावं, लोखंडी एका श्रावणात अडकतं. आणि ‘सगळ्या मापांना चालतं’ म्हणून विकतात ती नायलॉनची होल्स्टरं घेऊच नका. त्यांचं तोंड मिटतं, शस्त्र परत घालताना कापडाची घडी घोड्यात शिरू शकते, आणि भिजली की दोन दिवस वाळत नाहीत.

होल्स्टर कुठलंही असो, रात्री शस्त्र त्यात झोपवू नका. घरी आलात की काढा, रिकामं करा, सुती फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा आणि कुलपात ठेवा. होल्स्टर वेगळं टांगा. तुमच्या ठिपक्यांचं खरं कारण बहुधा हेच आहे, चामड्याचा दोष त्यानंतर येतो.

गुहागर : आमच्या वाडीत रानडुकरांचा त्रास आहे, बिबट्याही दिसतो. ०.३२ मध्ये जास्त जोराचं काडतूस मिळतं का? नाही तर मोठ्या बोअरचं, म्हणजे रुंद नळीचं रिव्हॉल्व्हर घ्यावं का?

हे काडतूस १८९६ सालच्या घडणीचं आहे. त्याची शिशाची गोळी साधारण ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या जरा वर, आणि वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर. तिची ताकद ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी भरते, आणि ते ९ मिलिमीटर आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळतच नाही. भरलेल्या नर डुकराच्या खांद्यावर जाड कातडीचं आणि चिवट पेशींचं कवच असतं. त्यावर ही गोळी मारणं म्हणजे पळून जाणाऱ्या जनावराला जखमी करून उलटं अंगावर घेणं. जोरदार काडतूस शोधू नका, आणि कोणी घरी भरून देतो म्हणाला तर त्याच्या दारात उभे राहू नका. परवान्याशिवाय काडतुसं भरणं गुन्हा आहे. शिवाय जास्त दारूने जुन्या घडणीचं सिलिंडर फुटतं ते धरणाऱ्याच्या हातात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तुमचा परवाना स्वसंरक्षणाचा आहे. शेती संरक्षणाचा परवाना वेगळा असतो. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुका बहुतेक त्याच परवान्यावर आहेत. रिव्हॉल्व्हर घेऊन राखणीला बसलात तर परवान्याच्या हेतूबाहेर गेलात. आणि शेतीचा परवाना असला तरी डुकराला मारायला वनविभागाची परवानगी लागते. बिबट्याचा तर प्रश्नच नाही, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने जनावर मेलं तर कायदा गुन्हा मानत नाही, पण तो प्रसंग तुम्हाला पंचनाम्यात उभा करावा लागतो.

हवेत बार काढून हाकलतो, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. वर गेलेली गोळी कोणाच्या तरी कौलांवर उतरते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेपर्वाईने गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. डुकरांसाठी फटाके, पत्र्याचे डबे, कुंपण, कुत्री. बिबट्यासाठी चांगली बॅटरी, मोठ्याने बोलत चालणं आणि रात्री एकट्याने मांगराकडे न जाणं. रिव्हॉल्व्हर कमरेलाच राहू दे.

रत्नागिरी : सड्यावर फुरसी फार आहेत. परदेशात सापासाठी रिव्हॉल्व्हरमध्ये छर्ऱ्यांची काडतुसं वापरतात म्हणे. आपल्याकडे चालतील का?

नको. तिथली ती काडतुसं तिथल्या बोअरची. आणि आपल्याकडे सापही कायद्याने संरक्षित आहेत. आपला सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. तिथे पायाजवळ साधी गोळी झाडलीत तर ती उसळून कुठे जाईल याचा नेम नाही, बहुधा तुमच्याच नडगीत. फुरसं बोटभर दगडाखाली असतं आणि ते दिसेपर्यंत पाय पडलेला असतो. घोट्याच्या वर जाणारे बूट, हातात काठी, संध्याकाळनंतर बॅटरी, आणि दगड उचलताना बोटं आधी आत न घालणं, हाच उपाय. चावलंच तर आवळपट्टी, चिरा, मंतर काही करू नका, ज्या दवाखान्यात प्रतिविष आहे तिथे थेट जा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं. तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात ते आहे का, हे काडतुसांची चौकशी करण्याआधी विचारून ठेवा.

श्रीवर्धन : नारळी-पोफळीच्या आगरात काम असतं, स्कूटरवरून ये-जा. होल्स्टर नेमकं कुठे बांधावं? आणि सिलिंडरची सहाही घरं भरावीत का?

कोयत्याची आकडी कुठे आहे, तिथून सुरुवात करा. बहुतेकांची ती मागे उजवीकडे असते. होल्स्टरही उजव्या कुल्ल्यावर असेल तर वाकताना दोन्ही एकमेकांवर आपटतात, आणि घाईत हात चुकीच्या मुठीवर जातो. अशांनी ते डाव्या बाजूला, पोटाच्या जरा पुढे, मूठ उजव्या हाताकडे वळवून बांधावं. स्कूटरवर बसल्यावरही ते मांडीत रुतत नाही. मात्र या जागी नळी बाजूच्या माणसाकडे वळू शकते, म्हणून गर्दीत त्याला हातच लावायचा नाही. पट्टा रुंद आणि दुहेरी शिवणीचा घ्या. लुंगीवर किंवा बर्म्युडावर होल्स्टर बांधणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

काखेतलं होल्स्टर सिनेमात शोभतं, दमट हवेत घामाने भिजून जातं. खिशात नुसतं ठेवणं तर साफ नको, किल्ली किंवा अडकित्ता घोड्यात अडकला की संपलं. माडावर चढायचं असेल तर रिव्हॉल्व्हर घरीच कुलपात.

सहा घरांबद्दल: वाडवडिलांकडून आलेलं, मधे मोडणारं जुनं रिव्हॉल्व्हर असेल तर पाचच भरा आणि हातोडीखालचं घर रिकामं ठेवा. अशा कित्येक शस्त्रांत हातोडी थेट काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागावर टेकते आणि शस्त्र पडलं तर बार उडू शकतो. नव्यात हातोडी अडवणारी पट्टी आहे का आणि ती काम करते का, हे परवानाधारक कारागिराकडून बघून घ्या. बागेतल्या धोक्यापुढे सहाव्या गोळीने फरक पडतो असं मला तरी वाटत नाही.

वेंगुर्ले : सासऱ्यांच्या काळची काडतुसं तांदळाच्या डब्यात जपली आहेत. काहींवर हिरवट थर आहे. तेल लावून पुसून चालतील का?

आधी ती तुमच्या परवान्यावर आहेत का ते बघा. परवानाधारक वारला असेल तर काडतुसंही पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात, वारशाने आपोआप तुमची होत नाहीत.

हिरवा थर म्हणजे पितळाचा जंग. चामड्याच्या पट्ट्यातल्या कप्प्यांत काडतुसं महिनोन्महिने ठेवली की तो हमखास येतो. वरवर पुसून निघाला तरी पितळ आतून खाल्लेलं असू शकतं. शिवाय त्यामुळे काडतूस सिलिंडरच्या घरात अडकतं. तेल तर मुळीच नको. पातळ तेल टोपीच्या फटीतून आत झिरपतं आणि मसाला मारतं. अशी काडतुसं विक्रेत्याकडे जमा करा. समुद्रात किंवा विहिरीत टाकू नका, हिशेब तुमच्याच नावावर राहतो.

नवीन काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, शस्त्रापासून वेगळ्या कुलपात ठेवावीत. तांदूळ ओल शोषतो हा समज जुना आहे, पण त्याची पूड मात्र सगळीकडे शिरते. कमरेला वागवलेली सहा काडतुसं वर्षातून एकदा अधिकृत रेंजवर झाडून टाका आणि नवी भरा. सरावही होतो.

रेंजवर घोडा ओढूनही बार उडाला नाही, तर नळी निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. लगेच पुन्हा घोडा ओढू नका. बार उशिरा उडाला तर ते घर तोवर नळीसमोरून सरकलेलं असेल. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर तिथेच थांबून, रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीत गोळी अडकली नाही ना ते बघून घ्या.

मालवण : ‘निर्भीक’ गंजत नाही असं ऐकलं. मग तेलपाणी कशाला?

२०१४ साली कानपूरच्या कारखान्यातून आलेलं ते ५२५ ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आहे, म्हणून सांगाडा गंजत नाही. आतल्या पोलादी स्प्रिंगा गंजतात. तेलपाणी करा.

सावंतवाडी : मित्राच्या ०.३२ पिस्तुलाची काडतुसं माझ्या ०.३२ रिव्हॉल्व्हरमध्ये बसतात. वापरू का? आणि गोव्याला जाताना शस्त्र सोबत नेता येईल का?

बसतात, पण वापरू नका. पिस्तुलाचं काडतूस आखूड असतं, त्याची कड अगदी थोडी बाहेर असते आणि त्याचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा जास्त. दोन्हींवर ०.३२ किंवा ७.६५ लिहिलेलं असतं, त्यामुळे खोक्यावर ‘रिव्हॉल्व्हर’ हा शब्द वाचूनच घ्या. शिवाय मित्राची काडतुसं मित्राच्या परवान्यावर आहेत, ती तुमच्याकडे असणं हाच गुन्हा.

गोव्याचं उत्तर परवान्यावरच लिहिलेलं असतं. क्षेत्र ‘महाराष्ट्र’ किंवा ‘जिल्हा’ असेल तर बांद्याच्या अलीकडेच थांबा.

दापोली : निवडणुकीत शस्त्र जमा करायला सांगतात. दोन महिन्यांनी परत मिळालं तेव्हा नळी आतून लाल झाली होती. काय करावं?

होल्स्टरसकट जमा केलं असणार. ते घरी ठेवा. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळी आणि सिलिंडरची घरं साफ करून त्यांत घट्टसर ग्रीसचा हात द्या, बाहेरूनही द्या, मग तेलकट कागदात गुंडाळून कापडी पिशवीत घाला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरतो. पावतीवर क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची अवस्था लिहून घ्या. विक्रेत्याकडे जमा करायची मुभा असेल तर तीच घ्या, मधे एकदा पुसून ठेवायला सांगता येतं. परत आल्यावर ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय भरू नका. आता आलेला लाल थर वरवरचा असेल तर पितळी ब्रश आणि तेलाने निघेल. खड्डे पडले असतील तर घरी घासत बसू नका, कारागिराला दाखवा.