मेळघाटहून परततानाचा फसलेला मुक्काम : तक्रार कशाची करावी आणि कशी

आपण लिहिल्याप्रमाणे मेळघाटातील सेमाडोहची सफारी मनासारखी झाली. परतताना आई-वडिलांना विसावा मिळावा म्हणून आपण रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका खासगी गेस्ट हाऊसमध्ये आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या रात्री मुक्काम केला आणि तिथे सगळ्या सहलीवर पाणी पडले. एसी खोलीचे पैसे घेऊन कूलरची खोली दिली, रात्रभर वीज नव्हती, ठरलेले जेवण मिळाले नाही, न्हाणीघरात पाल होती, नळाला चटका बसेल असे पाणी होते, आणि सकाळी मालकाने पैसे परत करणे तर दूरच, पावती देण्यासही नकार दिला. तक्रार करावी की सोडून द्यावे, हा आपला प्रश्न आहे. याच भागात राहणारा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय वर्षानुवर्षे पाहत आलेला माणूस म्हणून सांगतो : तक्रार अवश्य करावी, पण त्याआधी या यादीतील ज्या गोष्टी आमच्या उन्हाळ्याच्या आहेत त्या बाजूला काढाव्यात, म्हणजे ज्या मालकाच्या आहेत त्या ठळकपणे उरतील.

पाल आणि नळाचे पाणी सोडून द्या. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, स्लॅबवरची काळी टाकी दिवसभर तापते आणि दुपारनंतर नळाखाली हात धरवत नाही. आमच्या घरांतही रात्रीच बादल्या भरून ठेवतात आणि सकाळी त्या पाण्याने आंघोळी करतात. मालकाने पाण्याचे एक पिंप भरून ठेवले असते तर ते आपुलकीचे झाले असते, परंतु ते नव्हते म्हणून दाद मागता येणार नाही. मेळघाटात नाले आटून जनावरे पाणवठ्यावर येतात ते एप्रिल-मे महिन्यांतच, त्यामुळे सफारीसाठी सर्वांत चांगला काळ निवडणारा प्रवासी खान्देशात नेमका सर्वांत कठीण काळात पोहोचतो, हे इथे मुक्काम ठरवताना गृहीत धरावेच लागते.

विजेच्या बाबतीत मात्र थोडे थांबून विचार करावा लागेल. या दिवसांत संध्याकाळी वादळ सुटते, रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या उभ्या बागा आडव्या होतात, खांब पडतात, तारा तुटतात, आणि मग रात्र अंधारात काढावी लागते. वीज गेली हा मालकाचा दोष नाही. परंतु दरवर्षी हे घडते हे त्याला ठाऊक असताना जनरेटरशिवाय एसी खोली विकणे, इन्व्हर्टरवर केवळ दिवे चालतात हे पैसे घेताना न सांगणे, आणि प्रत्यक्षात एसी नसलेलीच खोली देणे, हा दोष निःसंशय त्याचाच आहे. आपण दाखवलेल्या छायाचित्रात कूलरच्या बाजूच्या गवतावर क्षारांचा जाड पांढरा थर चढलेला दिसतो आणि टाकीचा तळ कोरडा आहे. हे गवत उन्हाळ्याच्या तोंडाशी बदलायचे असते. तसा थर चढलेल्या गवतातून हवा नीट येत नाही आणि टाकीत पाणी नसेल तर कूलर खोलीतली गरम हवाच फिरवत राहतो. म्हणजे वीज असताना संध्याकाळीही ती खोली राहण्याजोगी नव्हती. हे छायाचित्र जपून ठेवा, आपल्या बाजूचा तो सर्वांत भक्कम पुरावा आहे.

जेवणाविषयी मला सर्वाधिक वाईट वाटले. आखाजी हा खान्देशातला मोठा सण आहे. सासुरवाशिणी माहेरी येतात, पितरांना घागर भरतात, सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यांची, साले याच सुमारास संपतात आणि नवी ठरतात. अशा वेळी स्वयंपाकी गावी जाणार, यात नवल काहीच नाही आणि त्याला कोणी अडवूही नये. पण सणाची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. आगाऊ रक्कम घेताना “त्या रात्री जेवण होणार नाही, वाटेत आटोपून या” एवढे एक वाक्य सांगणे मालकाच्या हातात होते. म्हाताऱ्या माणसांना बिस्किटांवर रात्र काढावी लागली, ही गोष्ट पाहुण्याला शेवभाजी-भाकरी खाल्ल्याशिवाय उठू न देणाऱ्या या मुलखाला शोभणारी नाही.

आता कृतीकडे वळू. ठरलेली खोली आणि ठरलेले जेवण न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरते, आणि पावती न देणे ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. प्रथम मालकाला स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवून उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी. यूपीआयने भरलेल्या रकमेची नोंद आणि “एसी रूम, रात्रीचे जेवण” असे लिहिलेला त्याचा व्हॉट्सॲप संदेश यांच्या प्रती सोबत जोडाव्यात. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच समोरचा बोलायला तयार होतो. तरीही दाद लागली नाही, तर आपण नाशिकला राहता तेथील जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येईल. त्यासाठी जळगावला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात आयोगाची फी नाही, वकील देणे बंधनकारक नाही, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे.

इंटरनेटवर अभिप्राय लिहायचा असेल तर तो नोटिशीचे उत्तर आल्यावर लिहा आणि त्यात तारीख, कबूल केलेली खोली, मिळालेली खोली आणि मालकाचे उत्तर एवढेच द्या. “खान्देशात सोयीच नाहीत” अशा वाक्याने शेजारच्या प्रामाणिक माणसाचे नुकसान होते आणि या मालकाचे काहीच बिघडत नाही.

पुढच्या वेळी हा मुक्काम मुळात हवा का, याचाही विचार करावा. सेमाडोहहून हरिसाल, धारणीमार्गे येणारा रस्ता बुऱ्हाणपूरला उतरतो आणि तेथे भुसावळ-खंडवा मार्गावरचे स्थानक आहे. गाडीची वेळ जुळत असेल तर रात्रीची गाडी तेथूनच धरता येते. थांबायचेच झाले, तर आरक्षणाआधी फोनवर जनरेटर आहे का, त्यावर एसी चालतो का आणि त्या रात्री स्वयंपाकी हजर आहे का, हे विचारून उत्तर संदेशातून लेखी मागवा.

नोटिशीत खोलीच्या दरातील फरक आणि जेवणाची रक्कम स्वतंत्रपणे मांडा, आणि त्रासाची भरपाई तिसऱ्या ओळीत वेगळी मागा. तिन्ही एकत्र केल्यास मालक भरपाईवर वाद घालून पहिल्या दोन रकमाही अडकवून ठेवतो.