बडोद्यात पावसात पहिल्यांदा कार चालवणार आहे, काय काळजी घेऊ?

मार्चमध्ये लायसन्स मिळालंय, गाडी सेकंडहॅन्ड आहे आणि आता पावसाची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय. वाटू द्या, मला वाटली नव्हती म्हणून खिशाला चाट बसली.

झालं असं की दांडिया बाजारातून निघालो, अलकापुरीला जायचं होतं, गरनाळ्यात (रेल्वेखालच्या अंडरपासमध्ये) पाणी साचलेलं पण पुढची मोठी एसयूव्ही आरामात निघून गेली म्हणून मीपण घातली, आणि बरोब्बर मध्यावर बंद पडली. इथपर्यंत फार काही बिघडलं नव्हतं हो. मी घाबरून सेल्फ मारला, खट्ट आवाज आला आणि संपलं. गॅरेजवाले काका पहिलंच वाक्य बोलले, "सेल्फ शुं काम मार्यो?" म्हणजे सेल्फ कशाला मारलास? पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये जातं, हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉडच वाकतो. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर चावी फिरवायचीच नाही, उतरून ढकलत बाहेर काढायची नि टोइंगवाल्याला बोलवायचं. आणि तळ दिसत नसेल तर घालूच नका, जेतलपूर ब्रिजवरून वळसा पडतो तर पडू दे. छोटी कार फूटभर पाण्यात तरंगायला लागू शकते, मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवू देत. (विश्वामित्रीला पूर आला की मगरी रस्त्यावर येतात ते वेगळंच, आपल्याला ढकलायला उतरायचंय हे लक्षात ठेवा.)

थोडंसंच पाणी असेल तर फर्स्ट गिअर, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा, मध्ये थांबायचं नाही. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून सुकवून घ्या, ओले ब्रेक ऐनवेळी लागत नाहीत.

पहिल्या सरीला रस्ता सगळ्यात जास्त घसरतो, ऑइल आणि धूळ वर येते ना, धो धो पडून गेल्यावर उलट बरा असतो. हायवेला स्टिअरिंग एकदम हलकं लागलं तर समजा टायर पाण्यावर चढलेत, ब्रेक मारू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावून फिरतात ते लोक तर मला कळतच नाहीत, वळणार कुठे ते मागच्याला कसं समजणार, हेडलाइट लो बीमवर ठेवा बास. काच धुरकट झाली तर एसी लावून हवा काचेवर सोडा, फडक्याने पुसत बसू नका.

सेकंडहॅन्ड आहे म्हणजे टायर आधी बघा. खाचांच्या आत छोटे उंचवटे असतात, 1.6 मिमीचे, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं असेल तर टायर गेले. आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन गेलं तर भरपाई देणारं जादा कव्हर) आहे का तेही बघा, माझ्यात नव्हतं, क्लेम नामंजूर झाला, गाडी महिनाभर गॅरेजमध्ये आणि मी रिक्षात.